काचेच्या पेल्याची बाजू



गोंदियाच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडा आणि जी पहिली चहाची टपरी दिसेल तिच्यापाशी पाच मिनिटे उभे राहा. चहा पिऊ नका असे मी म्हणत नाही, अवश्य प्या. पण चहा कसा आहे हे पाहण्याआधी तो कशातून दिला जातो ते पाहा. बहुधा तुमच्या हातात कागदाचा एक इवलासा कप येईल. तीन-चार घोटांत चहा संपेल आणि कप शेजारच्या डब्यात पडेल. डबा भरला असेल, आणि संध्याकाळपर्यंत तो भरतोच, तर त्याच्या भोवती पडेल.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा चहा काचेच्या छोट्या ग्लासातून मिळे. जाड बुडाचे, अंगावर उभ्या धारी असलेले ते ग्लास टपरीवरचा पोऱ्या एका हाताच्या बोटांत चार-चार अडकवून आणी आणि एक थेंबही सांडत नसे. हे ग्लास आता पुष्कळ टपऱ्यांवरून उठले आहेत. घरांतून तर ते त्याआधीच उठून कपाटात गेले आणि पाहुणे आल्याशिवाय बाहेर येईनासे झाले. ही गोष्ट मला चुकीची वाटते. का वाटते ते सांगण्यासाठी, आणि जमल्यास तुम्हालाही ती पटवण्यासाठी, हा लेख आहे.

आधी एक गंमत. काचेला इंग्रजीत 'ग्लास' म्हणतात. पदार्थाचे नाव त्याच्या भांड्याला चिकटले आणि ते भांडे आपल्याकडे आले. आपण त्याचा 'गिलास' केला आणि मग 'स्टीलचा गिलास'ही म्हणू लागलो. म्हणजे 'पोलादाची काच'! भाषेला हे चालते. पण नाव राहिले आणि काच गेली, हे काही बरे झाले नाही.

आपल्या भागात पाण्याची भांडी म्हणजे पितळेची. शेजारच्या भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्धच आहेत. आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा होईपर्यंत आपण भंडारा जिल्ह्यातच होतो. घरोघर पितळी गुंड, गडवा, फुलपात्र. या भांड्यांची निंदा मला करायची नाही. पितळेत तांबे असते आणि तांब्याचे अतिसूक्ष्म अंश पाण्यात उतरून कित्येक जंतूंना मारतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पाणी साठवायला पितळ-तांबे चांगलेच. पण प्यायच्या वेळी पाणी कसे आहे ते त्यात दिसत नाही. स्टीलचेही तेच. आतून चकचकीत आणि बाहेरून चकचकीत, पण मधले पाणी गढूळ की निवळ हे कळायला मार्ग नाही.

याचा मला एकदा चांगला धडा मिळाला. एका शाळेत (शाळेचे नाव सांगत नाही) पाण्याच्या टाकीला साखळीने बांधलेला स्टीलचा एक ग्लास होता. मुले त्यातून पाणी पीत. मुलेच काय, आम्ही शिक्षकही त्यातूनच पीत होतो. एके दिवशी बाहेरगावचे पाहुणे यायचे म्हणून कपाटातले काचेचे पेले काढले, धुतले आणि त्याच टाकीचे पाणी त्यांत भरले. पेले खिडकीपाशी टेबलावर ठेवले, मागून ऊन आले, आणि पाण्यात शेवाळाचे हिरवे तंतू तरंगताना सर्वांना दिसले. पाहुण्यांसाठी धावपळ करून दुसरे पाणी आणले. टाकी त्याच दिवशी दुपारी घासली गेली. ती त्याआधी किती महिने घासली गेली नव्हती, याचा हिशेब कोणी मांडला नाही. पाहुण्यांना जे पाणी देता येत नव्हते ते मुले रोज पीत होती, कारण त्यांचे भांडे अपारदर्शक होते.

म्हणून माझे म्हणणे असे की, काचेचा पेला हे नुसते भांडे नसून पाणी तपासण्याचे सर्वांत स्वस्त उपकरण आहे. तुम्ही स्वतःच करून पाहा. तुमच्या गावच्या हातपंपाचे ताजे पाणी काचेच्या पेल्यात घ्या आणि पेला झाकून रात्रभर ठेवा. काढले तेव्हा नितळ असलेले पाणी सकाळी पिवळट-तांबूस दिसले आणि तळाशी तांबूस गाळ बसला, तर त्या पाण्यात लोह आहे असे समजा. जमिनीखाली हवा न मिळालेल्या स्थितीत लोह पाण्यात विरघळलेले असते. बाहेर येऊन हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचे न विरघळणारे संयुग होते आणि ते खाली बसते. पावसाळ्यात विहिरीचे किंवा मामा तलावाचे गढूळ पाणी घेऊन त्यात तुरटी फिरवा. गढूळपणाचे आधी बारीक पुंजके होतात, मग ते जड होऊन खाली येतात. पुस्तकातील 'निवळणे' हा शब्द तुमच्या डोळ्यांसमोर घडतो. स्टीलच्या ग्लासात हाच प्रयोग केला तर झाकण उघडून वरून डोकावावे लागेल, आणि तरीही नीट काही दिसणार नाही.

मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. नितळ दिसणारे पाणी शुद्धच असते असे नाही. कॉलऱ्याचे आणि विषमज्वराचे जंतू काचेतूनही दिसत नाहीत. विदर्भातच यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे दात आणि हाडे बिघडतात. ते पाणी पेल्यात अगदी स्फटिकासारखे दिसते. काच वाईट पाण्याची काही लक्षणे दाखवते, सर्व नाही. डॉक्टर नाडी पाहतात म्हणून रक्त तपासायचे सोडत नाहीत, तसेच हे आहे.

काचेचा दुसरा गुण म्हणजे तिला स्वतःची चव नाही आणि ती दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही. पितळी भांड्यात ताक किंवा लिंबाचे सरबत ठेवले तर ते कळकते, म्हणून तर आपल्याकडे कल्हई लावण्याचा धंदा चालत आला. साधी काच म्हणजे सुमारे ७२ टक्के वाळू (सिलिका), १४ टक्क्यांच्या आसपास सोडा, १० टक्क्यांच्या आसपास चुना आणि इतर काही. खाण्यापिण्यातल्या आम्लांचा तिच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. युरोपात द्राक्षांच्या मद्यासाठी, म्हणजे वाइनसाठी, काचेचीच भांडी रूढ झाली त्याचे हे एक मोठे कारण; वाइन चांगलीच आम्लधर्मी असते. रंग आणि गाळ दिसावा हे दुसरे कारण. (तुम्ही वाइनच्या वाटेला जाऊ नये हे सांगायला नकोच, पण तिच्या भांड्याचा इतिहास शिकण्यासारखा आहे.)

तो असा. १६७४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने शिसे घातलेल्या काचेचे पेटंट घेतले. ही काच जड, कापायला सोपी आणि प्रकाशात विलक्षण झळाळणारी. तिला 'क्रिस्टल' म्हणू लागले. वास्तविक काचेतील अणू स्फटिकासारखे ओळीने मांडलेले नसतात, तेव्हा हे नावच चूक. अशा काचेच्या सुरयांत श्रीमंत लोक मद्य भरून महिनोन्‌महिने ठेवीत. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, अशा सुरईत ठेवलेल्या मद्यात शिसे उतरते आणि ते दिवसागणिक वाढत जाते. शिसे मेंदूला आणि मज्जासंस्थेला घातक. म्हणजे काच भानगडीत पडत नाही हे खरे, पण काचेत काय घातले आहे ते विचारले पाहिजे. तुमच्या घरच्या साध्या पेल्यात शिसे घातलेले नसते. त्याला ती झळाळी नाही, हीच त्याच्याबद्दलची खात्री.

आता काचेवरचा मुख्य आरोप. 'ती फुटते!' आईने हातातून काचेचा ग्लास काढून घेताना हेच कारण दिलेले असते. त्यातही गरम कॉफी किंवा चहा ओतताच 'टक्' असा आवाज होऊन ग्लास तडकला, असे तुम्ही पाहिले असेल. याचे कारण सोपे आहे. काच उष्णतेची मंदवाहक. स्टील तिच्यापेक्षा सुमारे १५ पट, पितळ १०० पट आणि अॅल्युमिनियम २०० पट जास्त वेगाने उष्णता वाहून नेते. कॉफी ओतली की काचेचा आतला थर तापून प्रसरण पावतो, बाहेरचा थर अजून गारच असतो. आतला बाहेरच्याला ताणतो, आणि काचेला ताण सहन होत नाही. म्हणूनच जाड ग्लास पातळ ग्लासापेक्षा लवकर तडकतो! प्रयोगशाळेतील चंचुपात्र पातळ का असते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. चहावाले ओतण्याआधी ग्लास कोमट पाण्याने विसळून घेत. त्यात शास्त्र होते, मग त्यांना ते कोणी शिकवलेले असो वा नसो.

यावर दुसरा उपाय काचेतच आहे. साध्या काचेची १ मीटर लांबीची कांडी १०० अंश सेल्सिअसने तापवली तर ती सुमारे ०.९ मिलिमीटर वाढते. वाळूत बोरॉनचे ऑक्साइड मिसळून केलेली बोरोसिलिकेट काच फक्त ०.३३ मिलिमीटर वाढते. वाढच कमी, म्हणून ताणही कमी. जर्मनीत ऑटो शॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी काच तयार केली. अमेरिकेत कॉर्निंग येथील कारखान्यात तशा काचेवर काम चालू होते, तेही रेल्वेमुळे. सिग्नलच्या कंदिलाची तापलेली काच पाऊस किंवा बर्फ पडताच तडके, आणि कंदील विझला तर गाडीला अपघात व्हायचा. तेथील शास्त्रज्ञ जेसी लिटलटन यांच्या पत्नी बेसी यांचे मातीचे भांडे १९१३ साली फुटले. त्यांनी नवऱ्याला कारखान्यातून काहीतरी आणायला सांगितले. त्याने विजेरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ आणून दिला आणि बाईंनी त्यात चक्क केक भाजला. केक सगळीकडून सारखा भाजला गेला, काच शाबूत. दोनच वर्षांनी, १९१५ साली, 'पायरेक्स' नावाची भांडी बाजारात आली. आज काचेच्या भांड्यात कॉफी उकळते, गाळली जाते, ती त्या केकच्या वाटेने.

आणि काच मंदवाहक असण्याचा फायदाही बघा. स्टीलच्या पेल्यातली कॉफी ओठांना चटका देते. जाड काचेच्या ग्लासातली तीच कॉफी कडेला धरून सुखाने पिता येते.

तुम्ही विचाराल, एवढे गुण असताना काच आपल्या ताटापाशी इतक्या उशिरा का आली? काच आपल्याला ठाऊक नव्हती असे नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या पुस्तकात भडोचच्या बंदरात कच्च्या काचेची आयात होत असल्याची नोंद आहे. आपल्या कारागिरांनी काचेचे मणी आणि बांगड्या मुबलक केल्या. पुरातत्त्वज्ञ डॉ. मो. गं. दीक्षित यांनी भारतीय काचेचा सविस्तर इतिहास लिहिला. तो मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. पण प्यायची भांडी आपण मातीची, धातूची आणि पानांची करीत राहिलो. पळसाच्या पानांचा द्रोण आपल्या जिल्ह्यात आजही होतो.

पुढे काचसामान परदेशांतून येऊ लागले आणि स्वदेशीच्या चळवळीत ते डोळ्यांत खुपले. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभारला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. परदेशात काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे कामगार तयार केले. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी काचकारखाना काढला, त्या जागेचे नाव ओगलेवाडी पडले. त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाच्या उजेडात तुमच्या आजोबांनी कदाचित अभ्यास केला असेल. एक-एक पैसा जमवून ज्या देशाने काच करायला घेतली, त्याच देशात आज काचेला 'फुटते' म्हणून बाजूला सारले जाते.

खरे म्हणजे पुष्कळदा 'फुटते' ही सबब असते. खरी अडचण ही की काचेचा पेला धुवावा लागतो. आणि धुतलेल्या पेल्यावर विश्वास ठेवावा लागतो.

हा विश्वास आपल्या समाजात कधीच सोपा नव्हता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींविरुद्ध ग्रामण्य उभे राहिले आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळे कप बाजूला टांगून ठेवण्याची लाजिरवाणी पद्धत देशातल्या अनेक गावांत होती. विज्ञान काय सांगते? काचेला छिद्रे नसतात, तिच्यात काही मुरत नाही. साबणाने आणि गरम पाण्याने धुतलेल्या पेल्यावर कोणाच्याही ओठांची काहीही खूण उरत नाही. जात तर काचेवर आधीही नव्हती. मला एक गृहस्थ म्हणाले, 'कागदी कपाने हा प्रश्नच मिटवला, ज्याचा त्याचा कप वेगळा.' मला हे पटत नाही. एकाच धुतलेल्या ग्लासातून सर्वांनी चहा पिणे म्हणजे प्रश्न मिटणे. प्रत्येकाला वेगळा कप देणे म्हणजे तो टाळणे.

२०२०च्या करोनाच्या साथीत कागदी कप वापरले ते समजण्यासारखे होते. टपरीवर एकाच बादलीत दिवसभर ग्लास बुचकळतात, ते पाणी पाहून कोणालाही शिसारी येईल, हेही मी मान्य करतो. पण साथ ओसरली आणि कप मात्र राहिले. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर देशभर बंदी आली, तेव्हा 'कागदी' म्हणून या कपाला मान मिळाला. हा कागद पाणी धरून ठेवतो कसा, असा प्रश्न तुम्हाला पडला पाहिजे. एक कप फाडून पाण्यात भिजत घाला. काही तासांनी कागदाचा लगदा सुटेल आणि आतून प्लास्टिकचा तलम पापुद्रा हातात येईल. खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०२० साली असे कप तपासले. १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे कपात ठेवले असता त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. हे कण शरीरात नेमके काय करतात याचे संशोधन अजून चालू आहे, म्हणून मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण काचेतून असे काही उतरत नाही, एवढे नक्की सांगतो.

उलट बाजूही सांगतो. काचेची भट्टी सुमारे १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. एक ग्लास करायला एका कागदी कपापेक्षा पुष्कळच जास्त इंधन लागते. ग्लास दोन दिवसांत फुटला तर कागदी कप जिंकला. वर्षभर टिकला तर? रोज दहा गिऱ्हाइके धरली तरी ३,००० कपांचे काम तो एकटा करतो. फुटलेली काचही पुन्हा वितळवता येते, तीही कमी इंधनात. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेला कप मात्र सहज वेगळा करता येत नाही.

काचेचा मुख्य घटक सिलिका, आणि आपला जिल्हा धानाचा. धानाचे पीक जमिनीतून सिलिका शोषून तुसात साठवते. १ क्विंटल धान भरडले की साधारण २० किलो तूस निघते. ते पूर्ण जाळले तर सुमारे ४ किलो राख उरते आणि तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३.६ किलो, सिलिका असते. १५० ग्रॅमच्या एका चहाच्या ग्लासात १०८ ग्रॅम सिलिका धरा. भागाकार करा: एका क्विंटल धानाच्या तुसात ३३ ग्लासांची सिलिका! प्रयोगशाळांत अशा राखेपासून काच केलीही गेली आहे. कारखाने मात्र वाळूच वापरतात, कारण ती स्वस्त असते आणि राखेतला काळा कोळसा आणि इतर अशुद्धे काढायला खर्च येतो. तेव्हा उद्या गोंदियात राखेची काच होईल असे मी म्हणणार नाही. पण राईस मिलच्या मागचा राखेचा ढीग पाहताना हा हिशेब आठवा.

आता कामाचे बोलू. तुमच्या वर्गाने एक टपरी निवडावी. तेथे दिवसाला किती कप जातात ते टपरीवाल्या काकांना विचारावे, दहा कपांचे वजन करावे आणि वर्षाचा कचरा काढावा. समजा एक कप २ ग्रॅमचा आणि दिवसाला २०० कप; ३०० दिवसांत १२० किलो झाले. मग कपांवरचा वर्षाचा खर्च, पन्नास ग्लासांची किंमत, फुटतील त्यांची भर आणि धुणाऱ्याची मजुरी यांचा ताळेबंद मांडावा. मजुरी विसरू नका, सगळा हिशेब तिच्यावरच अडतो. धुण्यासाठी दोन बादल्या, एक साबणाची आणि एक स्वच्छ पाण्याची, आणि शेवटी शेगडीवरचे गरम पाणी असे काकांना सुचवून पाहा. थंड ग्लासावर एकदम उकळते पाणी ओतू नका म्हणावे. कारण तुम्हाला ठाऊक आहेच. ताळेबंद ग्लासाच्या विरुद्ध गेला तरी तो तसाच लिहा आणि कुठे विरुद्ध गेला ते आम्हाला कळवा. सोबत टपरीजवळच्या नळाचे पाणी काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवून काय दिसले, तेही तारखेसह लिहा.